बनुबाईच्या पदरातल्या ग्रिपा

बनुबाईच्या पदराला गाठ दिसली की समजायचं, सहादेव कुठल्यातरी विहिरीत उतरलेला आहे. गाठ सुटली, चूल पेटली आणि गवती चहाचा वास आला की समजायचं, तो वर आला. सोनईच्या आसपासच्या वस्त्यांवर हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी जन्मभर एस.टी.त कंडक्टरकी केली. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल, यापलीकडे मला कसल्या खुणेची गरज भासली नाही. त्यामुळे बनुबाईची ही पद्धत मला पहिल्यापासून पटली होती.

सहादेवचं काम विहिरीत उतरण्याचं. मोटर गाळात रुतली, दोर तुटला, पाइप निसटला, एखादी शेळी पडली, की त्याला बोलावणं जातं. ही दोघं मूळची शेवगावच्या पलीकडची, कोरडवाहू मुलखातली. ऊस तोडायला म्हणून इकडे आली आणि एका वर्षी परत गेलीच नाहीत. विहिरींना पाणीच नसतं तिथला माणूस बुडी मारायला शिकला कुठं, असं मी त्याला एकदा विचारलं होतं.

"कोरड्या हिरीत पडलं तर मानूस मरतंच," तो म्हणाला. "पान्यात पडलं तर निदान पवता येतं. मग भ्यायचं कशाला?"

भ्यायचं काम त्याच्या वाटणीचं बनुबाई करत असे. आणि ते ती मोठ्या आवाजात करत असे. बाई काडीसारखी, पण बोलायला लागली की दोन शेतं ओलांडून ऐकू जावं. नवऱ्याला खाली सोडण्याआधी ती त्याला पोटभर शिव्या द्यायची. तो वर आला की मात्र चकार शब्द नाही. गुपचूप चहा.

तिच्या भिण्यालाही कारण होतं. ही दोघं इकडे नवीन होती तेव्हाची गोष्ट. एका वस्तीवर सहादेव विहिरीत होता आणि लाईट गेलेली होती. लाईट आली, घरातल्या बाईला दिवा लागलेला दिसला आणि रोजच्या सवयीनं तिनं मोटरीचं बटण दाबलं. सहादेवचं नशीब की तो तेवढ्यात पायरीवर चढला होता, नुसते पाय पाण्यात होते. तरी तो भिंतीवर फेकला गेला आणि त्याचा उजवा हात कितीतरी दिवस लुळा पडून होता. त्या बाईचा त्यात काही दोष नव्हता. बटण समोर असलं की माणूस दाबतो.

तेव्हापासून बनुबाईनं ठरवलं. मोटरीच्या पेटीत फ्यूजच्या तीन ग्रिपा असतात, चिनी मातीच्या, पांढऱ्या. त्या उपसल्या की बटण कुणी कितीही दाबो, वीज पुढं सरकत नाही. सहादेव उतरण्याआधी ती तिन्ही ग्रिपा उपसायची, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधायची आणि पेटीला पाठ लावून बसायची. मग म्हणायची, "इज माज्या पदरात हाय. जा आता खाली, मर!"

हे 'मर' फार प्रेमाचं होतं. ते ऐकल्याशिवाय सहादेव दोराला हात लावत नसे.

आणि पदरच का, पिशवी का नाही, तर पिशवीत कुणीही हात घालतं. बाईच्या पदराला हात कोण घालणार? त्याच्याइतकं पक्कं कुलूप आमच्या तालुक्यात कुठल्या बाजारात मिळत नाही.

सगळं ठीक चाललं होतं. मग मोबाईलवरच्या पेट्या आल्या.

आमच्या शिवारात पहिली पेटी बसवली आबासाहेबांनी. माणूस चांगला, बागायतदार, दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही. पण नवी वस्तू दिसली की त्यांना राहवत नाही. त्यांचा मुलगा पार्थ पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानंच ती आणली. पांढरी पेटी, दोन दिवे, वर उंदराच्या शेपटीएवढी अँटेना आणि आत एक सिमकार्ड. फोनवरून बटण दाबायचं की शेतातली मोटर चालू. आत बॅटरीसुद्धा होती, म्हणजे लाईट गेली तरी पेटी जागी राहणार. मोटरीच्या ग्रिपाही आता आत गेल्या. पेटीला कंपनीचं कुलूप आणि वर सील. सील तोडलं तर गॅरंटी गेली. किल्ली पुण्यात, पार्थच्या कपाटात.

मोटर चालू झाली की पेटी आबासाहेबांना फोन करायची आणि एक बाई गोड आवाजात सांगायची, "नमस्कार. आपली मोटर चालू झाली आहे." वस्तीवरचे लोक तिला पेटीतली बाई म्हणू लागले. सुरुवातीला तिचं फार कौतुक झालं.

पहिल्याच महिन्यात, कर्ज हवंय का म्हणून विचारणाऱ्या कुठल्यातरी पोरीनं चुकून पेटीच्या नंबरावर फोन लावला. नको म्हणून सांगायच्या ऐवजी पेटीनं मोटर चालू केली. आबासाहेबांचा कांदा गुडघाभर पाण्यात पोहत होता. पार्थनं पुण्यात बसून काहीतरी दुरुस्त केलं आणि सांगितलं की आता फक्त आपल्या दोघांच्याच फोनचं ती ऐकेल. ऐकायची, पण तिच्या सवडीनं. आमच्याकडे रेंज म्हणजे पाहुण्यासारखी, आली तर आली. संध्याकाळी बंद केलेली मोटर कधीकधी पहाटे बंद व्हायची. आबासाहेबांच्या आईच्या दहाव्याला आम्ही सगळे नदीकाठी पिंडाकडे बघत उभे होतो. कावळा शिवत नव्हता, कुणी हूं की चूं करत नव्हतं, आणि आबासाहेबांच्या खिशातून ती बाई म्हणाली, "नमस्कार. आपली मोटर चालू झाली आहे." मोटर आदल्या दिवशीच चालू होऊन बंद झालेली होती. झाडावरचा कावळा उडून गेला. त्या दिवसापासून त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा येतो, हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला तरी येतो.

यंत्राशी माझं असंही जमत नाही. माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी आम्हाला तिकिटाची मशीन दिली होती. ती भर गर्दीत बंद पडायची आणि बाया-बापड्या माझ्याकडे चोरासारखं बघायच्या. त्याआधीचा तिकिटं पंच करायचा चिमटा मात्र कधी रुसला नाही. तो अजून माझ्या खिशात असतो. माझ्याकडे कसा राहिला ते विचारू नका. जिवाला घोर लागला की मी तो दाबतो. टक, टक. तेवढंच बरं वाटतं.

त्या दिवशीही तो खिशात होता.

मार्च संपत आला होता. आबासाहेबांनी सहादेवला फोन लावला तर तो लागेना, म्हणून ते मोटरसायकलवरून माझ्या ओट्याशी आले आणि निरोप देऊन गेले. मोटरीचा दोर तुटला होता आणि मोटर तळाला गाळात जाऊन रुतली होती. कुणीतरी बुडी मारून तिला नवा दोर बांधायला हवा होता. मी सहादेवला सांगितलं आणि दुसरं काही काम नसल्यामुळे त्या दोघांबरोबर मीही निघालो. हवा अशी बंद पडली होती की उसाचं पातंसुद्धा हलत नव्हतं.

विहिरीच्या काठावर गेलो आणि सहादेव वाकून बघतच राहिला. मीही बघितलं. पाण्यावर बेडूक तरंगत होते. उताणे, पांढरी पोटं वर करून. कपारीत एक-दोन जिवंत होते, पण ते पाण्याकडे सरकत नव्हते.

"काल मोटर चालली हुती का?" सहादेवनं विचारलं.

"संध्याकाळी चालली की," आबासाहेब म्हणाले.

"मंग केबलचा जोड पान्यात उगडा पडलाय. मोटर चालू झाली की समद्या पान्यात करंट उतरतोय."

"म्हणून तर बंद हाय," आबासाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन पुढं केला. त्यावर तांबडा गोल होता आणि खाली 'मोटर बंद' असं लिहिलेलं होतं. "सकाळी पार्थनं पुण्यातून चालू करून बघितली हुती. रेंज न्हवती, मेसेज गेलाच न्हाई म्हनला. मग मी येऊन बघतो तर दोर तुटलेला. बरंच झालं म्हनायचं."

बनुबाई फोनकडे बघतही नव्हती. ती पेटीकडे बघत होती.

"पेटी उगडा," ती म्हणाली.

"किल्ली पुण्यात हाय, बनुबाई."

"मंग कुलूप तोडा."

"सील तुटलं तर कंपनी हात वर करंल. उद्या काय झालं तर मी कुनाकडं जाऊ?"

"खांबावरची वायर तरी सोडवा."

"वायरमन सुट्टीवर गेलाय. मी चढू का खांबावर?" आबासाहेब आता वैतागले होते. त्यांनी पार्थला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर टाकला. कसा कोण जाणे, लागला.

"काकू, मी इथून लॉक केलंय," पार्थ म्हणाला. पोरगा नम्र आहे, आवाजात कुठंही उर्मटपणा नव्हता. "आता कुणी दाबलं तरी मोटर चालू होणार नाही. तुम्ही अजिबात काळजी करू नका."

"बाबा, तू पुन्यात हायेस," बनुबाई फोनला म्हणाली. "ह्यो हिरीत उतरनार हाय."

तेवढ्यात रेंज गेली.

सहादेवनं बंडी काढून ठेवली होती. "ऱ्हाऊ दे की," तो म्हणाला. "येवढं म्हनत्यात तर बंदच आसंल. लई लोकांच्या हिरीवर आता आसंच झालंय. दर टायमाला तू आडून बसलीस तर मला कोन बोलवंल?"

बनुबाईनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि बांधावरून चालायला लागली. मी तिच्या मागं गेलो.

आबासाहेबांच्या शेताच्या कडेला, बाभळीखाली डीपी आहे, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर आणि त्याची पेटी. त्या डीपीवर आजूबाजूच्या सगळ्या विहिरींच्या मोटरी चालतात. तिला हात लावायची वायरमनशिवाय कुणाला परवानगी नाही, आणि वस्तीवर असा एक माणूस नाही ज्यानं तिला हात लावलेला नाही. बनुबाईनं हँडल खाली ओढलं. त्याबरोबर शिवारातल्या साऱ्या मोटरी एकदम थांबल्या. मोटरींचा आवाज दिवसभर इतका कानात असतो की तो आहे हेच आपल्याला कळत नाही. तो थांबला तेव्हा मला एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं. मग तिनं डीपीच्या पेटीतल्या तिन्ही मोठ्या ग्रिपा उपसल्या आणि पदरात बांधल्या. त्या वजनानं पदर गुडघ्यापर्यंत लोंबत होता.

परत येऊन ती नेहमीसारखी त्या पांढऱ्या पेटीला पाठ लावून बसली.

"इज माज्या पदरात हाय," ती म्हणाली. "जा आता खाली."

सहादेव थोडा वेळ दोर धरून उभा राहिला. ती पुढचा शब्द म्हणेल अशी वाट बघत असावा. तिनं म्हटला नाही. मग तो उतरला. मला ते मुळीच आवडलं नाही.

विहीर खोल होती आणि तळाचा गाळ त्याहून खोल. तो बुडी मारायचा, पाणी गढूळ व्हायचं, बुडबुडे यायचे, मेलेले बेडूक डुलायचे. मग डोकं वर यायचं, तो धापा टाकायचा आणि ओरडून सांगायचा, "घावली, पर हूक गाळात गेलाय." पुन्हा बुडी. वर आम्ही तिघं. आबासाहेब काठावर, मी बनुबाईशेजारी, आणि ती डोळे मिटून. माझा हात खिशातल्या चिमट्यावर होता आणि टकटक चालू होती.

थोड्या वेळानं पुंजाराम आला. त्याचं शेत आबासाहेबांच्या शेजारी. कांद्याचं अर्धं पाणी झालं होतं आणि मोटर बंद पडली होती. डीपी बघून, आत ग्रिपा नाहीत हे बघून तो थेट इकडेच आला होता. बनुबाईशिवाय असं कोण करणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"बनुबाई, द्या बरं त्या ग्रिपा," तो हसत म्हणाला. "चार वाजता लाईट जानार. माजा कांदा वाळंल."

"वाळू दे," बनुबाई म्हणाली.

मग आणखी दोघं-तिघं आले. आधी चेष्टा झाली. बनुबाईला वायरमनच्या जागी घ्या म्हणाले, तिला खांबावर चढवा म्हणाले. मग चेष्टा संपली. आबासाहेबांनी सगळ्यांना फोन दाखवला. तांबडा गोल, मोटर बंद. झालं, सगळ्यांना राग यायला तेवढं पुरलं.

"पेटी बंद हाय तर समद्यांची लाईट कशाला आडवून धरली?" पुंजाराम म्हणाला. "येकट्या सहादेवपायी समद्यांनी पीक जाळायचं का?"

"व्हय," बनुबाई म्हणाली.

"सांगून बघा की, आबासाहेब! तुमची हीर हाय."

आबासाहेब गोंधळले. त्यांना शेजाऱ्यांचंही वाईट वाटत होतं. "बनुबाई," ते समजुतीनं म्हणाले, "पार्थनं लॉक केलंय ना? द्या आता. मी जबाबदार."

पुंजाराम एक पाऊल पुढं आला. त्याचा हात पुढं झाला, आणि थांबला. बनुबाईनं पदर ओढून ती गाठ मांडीखाली घेतली आणि तिच्यावर बसली. पुंजाराम मागं सरला, पण तो जे पुटपुटला ते इथं लिहिण्यासारखं नाही. मला त्याचा संताप आला. त्याच्या कांद्याचाही आला. मी ओरडलो, "अरे, मानूस खाली हाय! कांदा परत लावता येतो!" एरवी मी भांडत नाही, पण आवाज अजून एस.टी.तलाच आहे.

सगळे गप्प झाले. त्या शांततेत आवाज झाला. टक.

मी चिमटा दाबला नव्हता. हात खिशाबाहेर होता.

"काय वाजलं?" मी विचारलं.

आबासाहेबांनी पेटीकडे बघितलं, मग फोनकडे. फोनवर गोल तांबडाच होता. "काय न्हाई. ती आदनंमदनं तसं करतीया. बॅटरीवर आसती ना."

पेटीवरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. एवढंच. पण बनुबाई पाठीत कुणी बुक्की मारावी तशी ताठ झाली होती. आवाज तिच्या पाठीला लागूनच झाला होता. ती गुडघ्यावर आली आणि विहिरीकडे तोंड करून ओरडली, "आवो, वर या! ऱ्हाऊ द्या ते, वर या!"

सहादेव पाण्याखाली होता. बुडबुडे येत होते. मग कमी झाले. मग थांबले. पाणी हळूहळू निवळायला लागलं, तरी डोकं वर येईना. पुंजारामसुद्धा काठावर येऊन वाकला. कपारीतले बेडूक दगडासारखे बसून होते. मी देवाचं नाव घ्यायला लागलो आणि मला एकही नाव आठवेना. बनुबाई ओरडायची थांबली. तिनं दोन्ही मुठींनी गाठ आवळून धरली होती.

आणि डोकं वर आलं.

"बांदला!" सहादेव धापा टाकत म्हणाला. "दोर बांदला. हूकच घावंना बेट्याचा."

तो वर चढून काठावर बसला तेव्हा त्याचे दात वाजत होते. मार्चच्या उन्हातही विहिरीचं पाणी हाडात शिरतं. त्याच्या पाठीवर टॉवेल टाकून बनुबाईनं तीन दगडांवर पातेलं ठेवलं, खाली तुराट्या पेटवल्या. कंबरेच्या पिशवीतून गवती चहाची पात काढली आणि मोडून टाकली. वास सुटला आणि मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. जगात एवढी यंत्रं निघाली, पण भ्यालेल्या माणसाला त्या वासासारखं भानावर आणणारं अजून काही निघालेलं नाही, असं माझं मत आहे.

"आता तरी द्या," पुंजाराम म्हणाला.

"च्या पिऊन हुईस्तवर थांब," बनुबाई म्हणाली.

"दे गं," सहादेव म्हणाला. "मी आलोय न्हवं वर? लोकांचं पानी खोळंबलंय. मोटर आपुन मागनं वडून काढू."

तिनं कपात चहा ओतला, त्याच्या हातात दिला, त्यानं पहिला घोट घेतलेला बघितला आणि मगच गाठ सोडली. ती इतकी आवळली होती की दातानं सोडावी लागली. पुंजाराम ग्रिपा घेऊन जवळजवळ पळतच डीपीकडे गेला. बाकीचेही आपापल्या शेताकडे पांगले. आम्ही चौघं राहिलो.

डीपीचं हँडल वर गेल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. शिवारात एकेक मोटर घुमायला लागली.

आणि आमच्या पायाखाली विहीर घुमायला लागली.

पेटीजवळ कुणी नव्हतं. आबासाहेबांचा फोन त्यांच्या खिशात होता. तळाची मोटर गरगरत होती, पाणी थरथरत होतं आणि पाटात धार पडायला लागली होती. कपारीतला एक बेडूक आवाजानं बुजला आणि पाण्यात उडी मारून गेला. त्यानं एक हात मारला असेल नसेल. मग तो उताणा झाला आणि त्याचं पांढरं पोट वर आलं. अगदी त्याच जागी, जिथं मघाशी सहादेवचं डोकं होतं.

आबासाहेबांच्या खिशातून ती बाई म्हणाली, "नमस्कार. आपली मोटर चालू झाली आहे."

आबासाहेबांनी फोन काढून बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पडद्यावर गोल फिरत राहिला. कृपया वाट पाहा. घाईत फोन निसटून मातीत पडला. पुंजारामला हाका मारल्या, पण त्याच्या कानाशी आता मोटरी घुमत होत्या. शेवटी मीच या वयात बांधावरून पळत गेलो आणि हँडल ओढलं.

परत आलो तेव्हा पार्थचा फोन चालू होता. पोरगं रडकुंडीला आलं होतं. "पप्पा, मी आत्ता काहीच दाबलं नाही. सकाळी दाबलं होतं तेच हे. मघाशीच पेटीत पोचलं असणार, लाईट नव्हती म्हणून थांबलं. लॉकच्या आधी दाबलेलं लॉकला कळत नाही, हे मला माहीतच नव्हतं. काका कुठंयत? काका वर आहेत ना?"

काका वर होते. काका चहाचा कप धरून पाण्यातल्या त्या बेडकाकडे बघत होते. मला मघाचं ते टक आठवलं. सकाळी पुण्यातून निघालेला हुकूम दुपारी येऊन पोचला होता, आणि सहादेव पाण्याखाली असताना आत दबा धरून बसला होता. तो आणि सहादेव यांच्यामध्ये फक्त एका बाईचा पदर होता.

आबासाहेबांनी पहारीनं ती पेटी फोडली. गॅरंटीचं नाव काढलं नाही. पुंजाराम आला, त्याला कळलं, आणि तो बनुबाईच्या पायाशी वाकायला गेला. तिनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. तिनं सहादेवची काढून ठेवलेली बंडी उचलून त्याच्या अंगात घातली, तिचं टोक मुठीत धरलं आणि त्याचा चहा संपेपर्यंत सोडलं नाही.

या गोष्टीला वर्ष होत आलं. फोडलेल्या पेटीच्या जागी दुसरी बसली आहे, आधीपेक्षा चांगली म्हणतात. आता बहुतेक वस्त्यांवर तशाच आहेत. सहादेव उतरणार असला की लोक न बोलता डीपीच्या ग्रिपा बनुबाईच्या पदरात आणून टाकतात. तेवढं मात्र आमचं शिवार शिकलं.

काल त्याला कोल्हारहून बोलावणं आलं. आज सकाळी दोघं माझ्या ओट्यासमोरून गेली. बनुबाईच्या डोक्यावर गाठोडं होतं, घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या गोधड्या त्यात बांधलेल्या. एवढ्या उन्हाचं हे ओझं कशाला, म्हणून मी विचारलं.

"तितं सोलरची मोटर हाय म्हनं," ती म्हणाली. "फोनवर चालती. तिला डीपी न्हाई, खांब न्हाई, ग्रिप न्हाई. इज वरूनच येती. ह्या गोधड्या त्या काचांवर टाकीन म्हनते." मग तिनं मान वर करून उन्हाकडे बघितलं. "भावजी, पुरत्याल का वो?"

पुरतील, एवढं म्हणालो. सहादेव पुढं निघून गेला होता आणि ती झपझप त्याला गाठत होती. पदर मोकळाच वाऱ्यावर उडत होता.

दुपारपासून त्यांचा फोन लावतोय, लागत नाही. ओट्यावर बसून मी चहाच्या वासाची वाट बघतो आहे. कोल्हार इथून लांब आहे, वास येणार नाही, हे मला कळतं.